बॉस, जरा खाली उतर ना!

ऑफिसातल्या बॉसचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. आज गप्पा गेममधल्या बॉसच्या, त्यातही उडणाऱ्या राक्षसांच्या. हा पाहुणा वाटतो तितका फॉरेनचा नाही. त्याचा एक पत्ता चक्क वाशिम जिल्ह्यातला आहे!

शुक्रवारची रात्र. आठवड्याचा शेवटचा रिपोर्ट एकदाचा मेल झालाय, पिझ्झा येऊन पडलाय, रूममेट गावाला गेलाय. टीव्ही फक्त तुमचा! तुम्ही कंट्रोलर हातात घेता. स्क्रीनवर एक अरुंद दगडी पूल, भोवती धुकं, खाली तळ न दिसणारी दरी. तासभर घाम गाळून जमवलेली सगळी कमाई तुमच्या हिरोच्या खिशात आहे. तुम्ही दबकत दबकत पुढे जाता आणि वरून धप्पकन काहीतरी उतरतं. सिंहासारखं धड, पाठीला पंख, शेपटीच्या जागी वळवळणारा साप.

तुम्ही तलवारीचे दोन वार घालता. जमतंय की! तेवढ्यात तो उडतो. तुम्ही मान वर करून शोधताय, कॅमेरा गरगर फिरतोय आणि तो मागून येऊन अशी धडक देतो की तुम्ही थेट दरीत. पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या वेळी तुम्ही जरा शहाणपणानं खेळता, त्याला अर्धमेला करता... तर आकाशातून त्याचा जोडीदार उतरतो!

हा 'मॅनईटर'. गेमचं नाव 'डीमन्स सोल्स'. 'फ्रॉमसॉफ्टवेअर' या जपानी कंपनीनं २००९ मध्ये तो प्लेस्टेशन ३ साठी आणला. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ बरोबर तो नव्या रूपात परत आला आणि एका नव्या पिढीनं त्याच पुलावरून त्याच दरीत उड्या घेतल्या. हा गेम खेळलेल्या कुणालाही 'पूल' एवढंच म्हणून बघा. चेहरा पडतो!

बॉस म्हणजे कोण रे भाऊ?

ज्यांनी शेवटचा गेम म्हणून नोकियावर स्नेक खेळलाय, त्यांच्यासाठी थोडक्यात. गेममध्ये वाटेत किरकोळ शत्रू भेटतात, ते म्हणजे ट्रॅफिक. आणि टप्प्याच्या शेवटी दार अडवून जो एक तगडा गडी उभा असतो, तो बॉस. तोपर्यंत तुम्ही जे जे शिकलात त्याची तो परीक्षा घेतो. पास झालात तर दार उघडतं, नाहीतर एटीकेटी.

आता जमिनीवरचा बॉस कितीही धिप्पाड असला, तरी एक गोष्ट तुमच्या हातात असते. जवळ जायचं की लांब पळायचं, हे तुम्ही ठरवता. उडणारा बॉस नेमकं तेच काढून घेतो. कधी लढायचं हे तो ठरवणार, तुम्ही फक्त खाली उभं राहून वर बघायचं. फाइल बॉसच्या टेबलावर आणि बॉस फ्लाइटमध्ये, तशातली गत! वैताग मार खाण्याचा नसतो. वैताग ताटकळण्याचा असतो.

त्यात कॅमेऱ्याचा त्रास वेगळाच. असे बहुतेक गेम हिरोच्या पाठीमागून दिसतात. जमिनीवरच्या शत्रूसाठी ही सोय झकास. पण शत्रू डोक्यावर गेला की कॅमेरा वर बघतो आणि पायाखालची जमीन दिसेनाशी होते. म्हणजे त्याच्याकडे बघावं तर कड्यावरून पडायचं, आणि कड्याकडे बघावं तर त्याचा फटका खायचा.

म्हणूनच चांगला गेम डिझायनर उडता बॉस ठेवताना खेळाडूशी एक न बोललेला करार करतो. 'मी याला उडवतोय, पण याला गाठायची वाट कुठेतरी ठेवलीय. शोध.' करार पाळला तर लढाई आयुष्यभर लक्षात राहते. मोडला तर कंट्रोलर भिंतीवर आदळतो.

करार पाळल्याचं एक उदाहरण त्याच 'डीमन्स सोल्स'मध्ये आहे. 'स्टॉर्म किंग' नावाचा बॉस पाकट माशासारखा आभाळभर पसरून उडतो. तुमची तलवार त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही. पण त्या मैदानातच एक वेगळी तलवार जमिनीत रोवलेली सापडते. ती फिरवली की वाऱ्याचा झोत निघून थेट आकाशात वार करतो. इतका वेळ कुत्र्यासारखे पळणारे तुम्ही एका क्षणात इंद्र होता!

दुसरं उदाहरण २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलॉसस'चं. त्यातला 'एव्हियॉन' हा अजस्र पक्षी तळ्याच्या मधोमध बसलेला असतो. तुम्ही बाण मारून त्याला चिडवायचं आणि तो अंगावर झेप घेतो त्याच क्षणी उडी मारून त्याच्या पंखांना लटकायचं. म्हणजे वाट कुठे आहे? त्याच्या हल्ल्यातच.

हे सगळं आपल्याकडे आधीच झालंय!

आता खरी गंमत. या करारावरच्या ज्या काही युक्त्या आहेत त्या जपानी डोक्यातून पहिल्यांदा निघाल्या असं वाटत असेल, तर आजीला फोन लावा. 'चांदोबा' वाचून वाढलेल्या आईबाबांना विचारलंत तरी चालेल.

त्रिपुरासुराची गोष्ट आठवा. सोन्याचं, चांदीचं आणि लोखंडाचं अशी तीन नगरं, तिन्ही फिरती. हजार वर्षांतून एकदाच ती एका रेषेत येतात आणि तेव्हाच एका बाणात तिन्ही पडू शकतात. गेमर मंडळी, ओळखलंत ना? याला आपण 'विंडो' म्हणतो! बॉस सतत हलतो, एकाच क्षणी त्याचा कमजोर कोपरा उघडा पडतो आणि तोवर बटणं बडवून काही उपयोग नसतो. शंकरानं बटणं बडवली नाहीत. तो थांबला.

इंद्रजित घ्या. हा ढगाआड अदृश्य होऊन वरून बाण टाकतो. राम-लक्ष्मण दोघांनाही नागपाशात बांधतो. समोरासमोर हा आटपणारा नव्हेच. मग बिभीषण टीप देतो की निकुंभिलेचा यज्ञ पुरा झाला तर याला कुणी हरवू शकणार नाही, तेव्हा आधी यज्ञ मोडा. लढाई सुरू होण्यापूर्वी बॉसची 'पॉवर-अप' बंद पाडायची, हा आजही हुकमी फंडा आहे.

आणि माझा फेव्हरिट म्हणजे घटोत्कच. तो 'आपल्या' बाजूचा, पण कौरवांच्या टीममधून खेळून बघा. युद्धाची चौदावी रात्र. अंधारात राक्षसांचं बळ वाढलेलं, घटोत्कच आकाशात, मायेनं कधी इकडे कधी तिकडे, वरून शस्त्रांचा पाऊस. कर्णाकडे इंद्रानं दिलेली शक्ती आहे. एकदाच वापरता येणारी आणि अर्जुनासाठी जपून ठेवलेली. फायनल बॉससाठी राखलेलं एकमेव अस्त्र या मधल्या बॉसवर उडवायचं का? न उडवावं तर आजच गेम ओव्हर. कर्ण ती टाकतो. घटोत्कच पडतो, पण पडताना देह वाढवतो आणि कौरवांचं एक अख्खं अक्षौहिणी सैन्य खाली चिरडतो. आणि पांडव रडत असताना कृष्ण खूश! कारण अर्जुनावरचा धोका टळलाय. इन्व्हेंटरी सांभाळण्याचं याहून कडू गणित मी कुठल्याही गेममध्ये सोडवलेलं नाही.

एवढा माल आपल्या घरात. मग जगभरच्या गेममध्ये 'राक्षस' हे नाव कसं फिरतं? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळानं ते उचललं आणि त्याला वाघाचं डोकं आणि उलटे तळवे असलेले हात दिले. तिथून तो वाघ-राक्षस कितीतरी ठिकाणी पोहोचला. आपला रावणाचा खानदानी शब्द बाहेर फिरून आला, तो दुसऱ्याचाच चेहरा लावून!

कनेक्शन वाशिम

माझं आजोळ वाशिमचं. पुण्यात वाशिम म्हटलं की लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे वाशीच्या जवळ का?" नाही हो! विदर्भातला, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. सोयाबीन, तूर आणि मे महिन्यात डोकं फिरवणारं ऊन. इथं मल्टिप्लेक्स शोधू नका, गेमिंग स्टुडिओ तर लांबच.

पण इतिहासाच्या पुस्तकात याच गावाचं नाव वत्सगुल्म आहे. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वांत सुंदर लेणी कोरली गेली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, तर सतरावं लेणं त्याच्या एका मांडलिकानं करवून घेतलं. त्या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर एक अख्खी राक्षस-कथा रंगवलीय. सिंहलाची.

स्टोरीलाइन ऐका. सिंहल हा व्यापाऱ्याचा मुलगा. त्याचं जहाज फुटतं आणि तो पाचशे साथीदारांसह ताम्रद्वीपावर येऊन पडतो. तिथं सुंदर बायका स्वागताला हजर! सगळ्यांचे संसार थाटले जातात. पुढे सिंहलाला कळतं की या बायका म्हणजे माणसं खाणाऱ्या राक्षसी आहेत. सुटकेला एक उडणारा पांढरा घोडा येतो. अट एकच. त्या रडतील, पोरं पुढे करतील, हाका मारतील, पण मोहानं मागे वळून बघायचं नाही. जे बघतात ते घोड्यावरून पडतात आणि राक्षसींच्या तोंडी जातात. सिंहल तेवढा वाचतो.

इथं सिनेमा संपला असता. ही कथा संपत नाही! राक्षसींची म्होरकी देखणी बाई बनून सिंहलाच्या पाठोपाठ त्याच्या राजाच्या दरबारात येते. सिंहल ओरडून सांगतो, राजा ऐकत नाही, तिला थेट राणीवशात घेतो. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगानं ही गोष्ट नोंदवलीय. त्याच्या सांगण्यात ती मध्यरात्री उडत बेटावर परत जाते, बाकीच्या राक्षसींना घेऊन येते आणि सकाळपर्यंत राजवाड्यात जिवंत माणूस उरत नाही. मग सिंहल राजा होतो, सैन्य घेऊन बेटावर चाल करून जातो. ती लढाई, ते हत्ती, त्या राक्षसी, सगळं भिंतीवर आहे.

लेव्हल एक, फसवं गाव. लेव्हल दोन, घोड्यावरून पळ. लेव्हल तीन, रात्रीचा हल्ला. लेव्हल चार, उडत्या राक्षसींशी आरपार. दीड हजार वर्षांपूर्वी, वाशिमच्या राजाच्या राज्यात, पूर्ण स्टोरीबोर्ड तयार होता. तोही रंगीत!

शिरपूरचे पाहुणे

दुसरा पत्ता याहून जवळचा. याच जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर आहे. तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर हे देशभरच्या जैनांचं तीर्थ. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून नाव अंतरिक्ष.

या मूर्तीची आख्यायिका लंकेपासून सुरू होते. रावणाचे माळी आणि सुमाळी (कथेच्या काही रूपांत खरदूषण) विमानातून या भागावरून चालले होते. जेवणाची वेळ झाली म्हणून ते खाली उतरले. पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही असा नेम, आणि पूजेची मूर्ती तर घरीच राहिलेली. मग तिथल्याच वाळू आणि शेणाची मूर्ती केली, पूजा केली, मूर्ती पाण्यात सोडली आणि मंडळी उडून गेली.

पुढे कित्येक काळानंतर एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, ईल राजाचा कुष्ठरोग त्या पाण्यानं बरा झाला. पाण्यातली मूर्ती त्याला मिळाली. ती गाडीतून नेताना अट घातली गेली की मागे वळून बघायचं नाही. राजाला राहवलं नाही. त्यानं पाहिलं, आणि मूर्ती तिथंच हवेत थांबली.

इथं आकाशातून उतरलेले राक्षस कुणावर झेप घेत नाहीत. भूक लागलेली असून आधी पूजा करतात! त्याचं कारण जैन रामायणात आहे. त्या परंपरेत 'राक्षस' हे एका वंशाचं नाव. ते विद्याधर, म्हणजे विद्येच्या बळावर आकाशात फिरणारी माणसंच. रावणालाही तिथं खरोखरची दहा तोंडं नाहीत. गळ्यातल्या हाराच्या रत्नांमध्ये त्याच्या चेहऱ्याची प्रतिबिंबं दिसली, म्हणून तो दशमुख.

म्हणजे एकाच जिल्ह्याच्या खात्यात दोन उडते राक्षस. एक रात्रीत राजवाडा फस्त करणारा, दुसरा मूर्ती विसरली म्हणून कासावीस होणारा.

"याले मारायचं कसं, ताई?"

हे दोन्ही राक्षस सध्या वाशिममधल्या एका सेकंडहॅण्ड लॅपटॉपमध्ये राहायला आहेत. लॅपटॉप माझ्या मावसभावाचा. वय २३, बीसीए पास. दिवसा मोबाइलच्या दुकानात काम, रात्री ब्लेंडर. (हे फुकट मिळणारं थ्रीडी सॉफ्टवेअर बरं का, मिक्सर नव्हे!) त्याला गेमसाठी पात्रं घडवायची आहेत. मावशीला त्यानं बँकेच्या परीक्षेला बसायला हवंय. तिचं म्हणणं एका वाक्याचं, "गेम बनवून पोट भरते का बाप्पा?"

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा दोघांनीही मला आपापल्या बाजूनं वकील नेमलं होतं. मी मावशीला 'राजी: अॅन एन्शंट एपिक'बद्दल सांगितलं. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या स्टुडिओनं केलेला हा गेम. राजी ही डोंबाऱ्यासारखे खेळ करणारी मुलगी, राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती महाबलासुरापर्यंत लढत जाते. पहाडी चित्रांसारखी रंगसंगती, राजस्थानी किल्ल्यांची आठवण देणारे महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनात पोहोचला.

मावशीनं लगेच नेमका प्रश्न टाकला, "पैशे कोणं देल्ले?" तिथं मला खरं सांगावं लागलं. लोकांकडून वर्गणी जमवण्याची त्यांची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नव्हती. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला म्हणून गाडी मार्गी लागली. "मंग?" मावशीनं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

मावसभावाचं उत्तर चीनमधून आलं. 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा गेम ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि जगभर तुफान चालला. कथा त्यांच्या जुन्या वानरराजाची, आणि महाल-मंदिरं खरीखुरी, जागेवर जाऊन स्कॅन केलेली. त्यातल्या ३६ ठिकाणांपैकी २७ एकट्या शान्शी प्रांतातली. गेम खेळून लोक ती मंदिरं बघायला निघाले आणि शान्शीच्या पर्यटन खात्यानं ती लाट बरोबर पकडली. "त्यायच्याकडे शान्शी, आपल्याकडे वाशिम. फरक काय हाय सांग न!" फरक खूप आहे. पैसा आहे, माणसं आहेत, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. पण गोष्टींत फरक नाही, हे मलाही कबूल करावं लागलं.

मग त्यानं लॅपटॉप उघडला. सिंहलाची राक्षसी अर्धी झालीय, तिचे हात अजून दगडासारखे दिसतात. तो अडकला होता माळी-सुमाळीपाशी. त्यानं त्यांना आधी बॉस म्हणून ठरवलं होतं. "पण ताई, याले मारायचं कसं? हा तं पूजा करून रायला."

मला 'शॅडो ऑफ द कोलॉसस'मधला तेरावा कोलॉसस आठवला, 'फॅलँक्स'. वाळवंटावरून तरंगणारा लांबच लांब जीव. तो शेवटपर्यंत तुमच्यावर हल्ला करत नाही. तुम्ही घोडा दौडवत, बाण मारत त्याला खाली आणता, त्याच्यावर चढता आणि मारता. स्क्रीनवर जिंकलात, पण पोटात कसंतरी होतं. गेमनं एक शब्दही न बोलता विचारलेलं असतं की राक्षस नक्की कोण?

मी त्याला तो गेम दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि दुसऱ्या दिवशी लढाईच काढून टाकली. मूर्ती दाखवायची नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आता उरलंय ते एवढंच. रात्रीची वाट, तुम्ही बैलगाडी हाकताय, आणि नियम एक, कॅमेरा मागे वळवायचा नाही. चांदण्यात जमिनीवरून प्रचंड मोठी सावली सरकत जाते. वर कोण उडतंय ते दिसत नाही. का? तर त्याच्या लॅपटॉपला एवढं मोठं मॉडेल झेपतच नाही! पण इतक्या वर्षांत पाहिलेल्या उडत्या बॉसमध्ये मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते या सावलीनं. ती काय करेल ते माहीत नसतं. ती काहीच करत नाही.

पाठीमागून मात्र आवाज येतात. ही कल्पना अजिंठ्याच्या गोष्टीतून घेतलेली. कुणी रडतं, कुणी नावानं हाक मारतं. रेकॉर्डिंगला स्टुडिओ नाही, म्हणून सगळे आवाज घरातलेच.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही मावशीला खेळायला बसवलं. कंट्रोलर तिनं पोळपाट धरावा तसा दोन्ही हातांनी धरला. गाडी निघाली, सावली आली, गेली. "हे काय हाय रे?" म्हणत ती बऱ्यापैकी लांब गेली. मग स्पीकरमधून, पाठीमागून, तिच्या पोराचा आवाज आला, "आई!"

मावशीनं कॅमेरा वळवला. गाडी थांबली, स्क्रीन काळी.

"हरली तू," तो म्हणाला.

"अरे, हाक मारल्यावर कोन नाही पाहात?" मावशी म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "पुन्हा लाव बरं."

सध्या तह झालाय. बँकेचा फॉर्म भरायचा, आणि उन्हाळ्यापर्यंत दहा मिनिटांचा डेमो पुरा करून स्टुडिओंना पाठवायचा. उत्तर आलं तर पुणे. नाही आलं तर परीक्षा. मावशी रोज रात्री विचारते, "राक्षसिनीचे हात झाले का?"

बॉक्स : उडत्या बॉसला गाठायचे पाच फंडे

१. पहिली पाच मिनिटं मारू नका, बघा. तो किती वेळा उडतो, कुठे उतरतो, उतरण्याआधी काय करतो? प्रत्येक बॉसची एक सवय असते. सवय कळली की अर्धी लढाई झाली.

२. आकाश नाही, जमीन बघा. तो कुठून येतोय हे सावली आधी सांगते. पाठ दरीकडे कधीच नको.

३. मैदान नीट धुंडाळा. रोवलेली तलवार, ठेवलेले बाण, चढता येणारा खांब... डिझायनरनं वाट ठेवलेली असते, फक्त बोर्ड लावलेला नसतो.

४. एकमेव अस्त्र लगेच उडवू नका. पण आजच मरणार असाल तर जपून ठेवून काय करणार? कर्णाचं गणित प्रत्येकाला स्वतःच सोडवावं लागतं.

५. तो हल्ला करतोय का, हे एकदा तपासून घ्या. नसेल करत, तर कंट्रोलर खाली ठेवा आणि त्याला जाऊ द्या. कदाचित तो नुसता जेवायला उतरला असेल.